जुन्या गाडीस नवें इंजिन

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत एक छंद फोफावला. तरुणांनीं जुनी फोर्ड मोटार स्वस्तांत घ्यावी, तिचीं मडगार्डें उतरवावीं, इंजिन सुधारावें आणि आटलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत ती भरधाव सोडावी. अशा गाडीस 'हॉट रॉड' म्हणतात. या छंदाची लाडकी गाडी १९३२ सालची फोर्ड. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ति होती अवघी ६५ अश्वशक्ति!

आज हा छंदी मनुष्य कारखान्यांत जुळवून खोक्यांतून आलेलें तयार इंजिनच विकत घेतो. जनरल मोटर्सचें ६.२ लिटरचें 'एलएस-३' हें त्यांपैकीं एक. त्याची शक्ति सुमारें ४३० अश्वशक्ति. जुन्या कार्बुरेटरांत हवेच्या ओढीनें पेट्रोल आपोआप खेंचलें जातें. येथें तें दाबानें फवारलें जातें, आणि किती फवारावयाचें हें छोटा संगणक ठरवितो. म्हणून थंडींत किंवा उंच घाटांतहि इंजिन कुरकुरत नाहीं.

मग निवड कशी करावी? प्रथम फूटपट्टी घ्यावी. फोर्डच्या 'कोयोटी' इंजिनाचे चार कॅमशाफ्ट माथ्यावर असल्यानें तें रुंद होतें. एलएसचा एकच कॅमशाफ्ट पोटांत असतो, म्हणून तें अरुंद जागेंत सहज मावतें. खालीं तेलाची कढई चौकटीच्या आडव्या दांड्यास अगर सुकाणूच्या दांड्यांस अडते काय, हेंहि पाहावें.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. कार्बुरेटरास दर चौरस इंचास सुमारें ६ पौंड दाब पुरतो. एलएसला ५८ पौंडांच्या आसपास लागतो. जुन्या रबरी नळ्या तो सोसणार नाहींत, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची चिळकांडी म्हणजे आगीस आमंत्रण! टाकीहि आंत आडपडदे असलेली हवी. नाहीं तर वळणावर पेट्रोल एका अंगास जाऊन पंप कोरडा पडतो. शिवाय संगणक, तारांचा जुडगा व पट्ट्यांवर चालणारीं उपांगें किंमतींत धरलीं आहेत कीं नाहींत, हें आधींच विचारावें. या वरखर्चापायीं कित्येक गाड्या वर्षानुवर्षें अर्धवट पडून राहतात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक दांड्यांनीं ओढले जात; द्रवदाबाचे ब्रेक फोर्डनें १९३९ सालच्या गाड्यांपासून दिले. साडेसहापट बळ आलेली गाडी त्या जुन्या ब्रेकांनीं वेळेवर कशी थांबावी? म्हणून पैशाचा पहिला वांटा ब्रेक, आंस आणि चौकट यांस द्यावा. उरेल त्यांत इंजिन निवडावें. कदाचित् तें लहान निघेल. पण अंथरूण पाहून पाय पसरणाराच ही गाडी पुष्कळ दिवस आनंदानें हांकील.