मुलांना अग्निशमन संग्रहालय दाखवावे

तळेघरहून मुलांची सहल पुण्यास निघाली की शनिवारवाडा आणि कात्रजचे प्राणिसंग्रहालय ही ठिकाणे ठरलेलीच असतात. त्यांच्या जोडीला एरंडवणे येथील कै. केशवराव जगताप अग्निशमन संग्रहालय अवश्य ठेवावे. शहरात बंब लवकर पोहोचू शकतो. घोडेगावच्या पलीकडे डोंगरात वसलेल्या वाड्यांमध्ये मात्र आगीची पहिली मिनिटे घरच्या माणसांच्याच हाती असतात. या ज्ञानाची गरज आपल्याकडे अधिक आहे, ती त्यामुळेच.

अग्निशमन दलाचा इतिहास मुलांना सांगताना १४ एप्रिल १९४४ या दिवसापासून आरंभ करावा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट उभी होती. तिच्यात स्फोटके होती आणि कापसाच्या गासड्याही! असा माल एकत्र भरणे हाच मुळात अविचार होता. दुपारी बोटीतून धूर निघू लागला. जवान पाणी मारीत असतानाच, चार वाजून गेल्यावर, प्रचंड स्फोट झाला. ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

संग्रहालयातील साधने पाहताना मुलांना एकच प्रश्न विचारावा : हे साधन आगीपासून काय हिरावून घेते? आगीला इंधन, उष्णता आणि प्राणवायू लागतो; तिन्हींपैकी एक काढले की ती विझते. पाणी उष्णता घालवते. वाळू व ओले घोंगडे प्राणवायू अडवतात. वणवा रोखण्यासाठी जंगलात जी जाळरेषा काढतात, ती इंधन तोडते. हे उमगले की कढईतील पेटत्या तेलावर पाणी का ओतू नये, तेही समजते. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडते. अशा वेळी गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे.

सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. कपडे पेटल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागी टूथपेस्ट किंवा शाई लावण्याची आपली जुनी सवय घातक आहे. तेथे वीस मिनिटे साधे पाणी सोडत राहावे. नळ नसल्यास तांब्याने ओतावे.

निघण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ विचारून घ्यावी. १०१ आणि ११२ हे क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावेत. फोनवर वाडीचे नाव आणि रस्त्याची खूण सांगण्यासही शिकवावे. नुसत्या गावाच्या नावावर बंबाला डोंगरातील वाट सापडत नाही.