२१० किलोमीटर फळ्यांचा हिशेब

१८३७च्या उन्हाळ्यात २८ वर्षांच्या चार्ल्स डार्विननं हातात मावेल एवढ्या वहीत एक रेघाटी झाड काढलं. एका बुंध्यातून फुटलेल्या फांद्या. काही पुढं वाढलेल्या, काही मध्येच खुंटलेल्या. सगळे सजीव एकाच पूर्वजापासून फुटत आले असावेत, हा विचार तिथं चित्रात उतरला. त्याचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक यायला अजून २२ वर्षं होती. ही वही आणि तिच्या पाठोपाठची दुसरी, अशा दोन्ही वह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात विशेष संग्रह विभागाच्या कडेकोट कोठीत असत.

२०००च्या शरद ऋतूत त्या छायाचित्रं घेण्यासाठी बाहेर काढल्या गेल्या. जानेवारी २००१मध्ये नेहमीची तपासणी चालू असताना लक्षात आलं, की वह्यांची छोटी पेटी जागेवर नाही. चुकून दुसऱ्या फळीवर गेली असेल, असं सगळ्यांनी धरलं. त्या ग्रंथालयाची व्याप्ती माहीत असेल तर हा अंदाज भाबडा वाटत नाही. तिथं एक कोटीहून अधिक पुस्तकं, नकाशे, हस्तलिखितं आहेत आणि फळ्या एकापुढं एक मांडल्या तर २१० किलोमीटर होतात. पुण्याहून नाशिकपर्यंत सलग पुस्तकांची रांग लावावी आणि त्यात कुठंतरी खिशात मावणाऱ्या दोन वह्या शोधायला निघावं, असं ते काम.

छापील पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत मिळते. हस्तलिखिताला दुसरी प्रत नसते, आणि चुकीच्या फळीवर गेलेलं हस्तलिखित हे नसल्यासारखंच. म्हणून अशा विभागाच्या प्रमुखाचं काम काय, असं कुणी विचारलं, तर मी आधी थंड हवेच्या कोठ्या, आगीचे बंब किंवा काचेच्या पेट्या सांगणार नाही. आपल्याकडं काय आहे आणि ते या क्षणी कुठं आहे, हे माहीत असणं, हे ते काम. कागद कोठीतून निघाला की नोंद, वाचकाच्या टेबलावर गेला की नोंद, परत आला की नोंद. वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलनंच टिपणं घ्यायची. पिशव्या बाहेर ठेवायच्या. एका वेळी मोजकीच कागदपत्रं मिळतात. नव्या अभ्यासकाला हे जाचक वाटतं. पण त्या नोंदींच्या साखळीतली एक कडी निसटली, की काय होतं ते या दोन वह्यांनी दाखवलं.

जेसिका गार्डनर ग्रंथपाल झाल्यावर त्यांनी शोध पुन्हा सुरू केला. डार्विनच्या कागदांच्या १८९ पेट्या तपासल्या गेल्या. शेवटी निष्कर्ष निघाला, की वह्या बहुधा चोरीलाच गेल्या आहेत. २४ नोव्हेंबर २०२०ला, म्हणजे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ ज्या तारखेला बाहेर आलं त्याच तारखेला, ग्रंथालयानं जगाला आवाहन केलं. आपल्या घरातून इतकी मोलाची वस्तू गेली, हे स्वतःहून जाहीर करायला किती धैर्य लागत असेल! पोलिसांत तक्रार गेली, इंटरपोलच्या यादीत नोंद झाली.

आणि ९ मार्च २०२२ रोजी, गार्डनर यांच्या कार्यालयाबाहेर, जिथं सीसीटीव्ही नव्हता अशा जागी, जमिनीवर भेटवस्तूची एक गुलाबी पिशवी सापडली. आत मूळ निळी पेटी, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन्ही वह्या आणि तपकिरी पाकिटावर ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा. सहीच्या जागी फक्त एक फुली. पोलिसांची परवानगी येईपर्यंत ते प्लास्टिक उघडायचंही नव्हतं. वह्या सुखरूप निघाल्या. त्याच जुलैमध्ये त्या लोकांना बघायला मिळाल्या. कुणी नेल्या, कुणी आणल्या, हे त्या पिशवीनं सांगितलं नाही.

पण वस्तू हरवायला चोर लागतोच असं नाही. घरातच असून ती पाऊण शतक सापडत नाही, असंही होतं, आणि मला याच ग्रंथालयातली ती हकिगत वह्यांपेक्षाही अद्भुत वाटते.

ज्यू परंपरेत देवाचं नाव लिहिलेला कागद फाडून टाकत नाहीत. तो एका बंद जागेत ठेवून देतात. तिला गनिझा म्हणतात. जुन्या कैरोत, फुस्तातमध्ये बेन एझ्रा नावाचं सिनेगॉग आहे. तिथल्या लोकांनी धर्मग्रंथांबरोबर हाताला येईल तो कागद त्या कोठडीत टाकला, आणि जवळजवळ हजार वर्षं टाकत राहिले. १८९६मध्ये ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणींनी पूर्वेकडच्या प्रवासात विकत घेतलेली काही पानं केंब्रिजला सोलोमन शेक्टर यांना दाखवली. त्यातल्या एका पानावर बेन सिराच्या प्राचीन नीतिग्रंथाचा हिब्रू पाठ आहे, हे शेक्टर यांनी ओळखलं. तो शतकानुशतकं कुणाच्या पाहण्यात नव्हता. त्याच हिवाळ्यात ते कैरोला गेले, धुळीनं भरलेल्या त्या कोठडीत उतरले आणि पेट्याच्या पेट्या भरून केंब्रिजला पाठवल्या. ग्रंथालयाकडे आज त्यातले सुमारे १,९३,००० तुकडे आहेत.

त्यात काय नाही! लग्नाचे करार, घटस्फोटाची पत्रं, औषधांच्या याद्या, मुलांच्या मुळाक्षरांची पानं, मायमोनिडीझ या बाराव्या शतकातल्या थोर तत्त्वज्ञाच्या हाताचे मसुदे. व्यापाऱ्यांची पत्रं तर ढिगानं. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडचा व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला येऊन स्थायिक झाला, तिथं त्यानं काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवला आणि आशू नावाच्या स्थानिक बाईशी संसार केला. एडनचे भागीदार त्याला मालाबरोबर कोरे कागदही पाठवत, कारण इथं कागद मिळत नसे. तोही मग आलेल्या पत्रांच्या रिकाम्या जागेत हिशेब आणि टिपणं लिहून काढी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका घरातला जमाखर्च कैरोच्या कोठडीतून केंब्रिजला पोचला, तो असा.

पण पोचला म्हणजे कळला असं नाही. यातली बरीच पत्रं भाषेनं अरबी आणि लिपीनं हिब्रू आहेत. मोडीतला कागद समोर आला, की उत्तम मराठी जाणणाराही जसा थबकतो, तसं ते आहे; मोडी शिकलेलं माणूसच तिथं लागतं. शेक्टर यांनी काही पेट्यांतलं निवडलं, मग ते अमेरिकेला गेले. उरलेलं कुचकामी समजून तसंच पडून राहिलं. १९५०च्या दशकात श्लोमो गॉइटाइन या इतिहासकारानं त्या पेट्यांत पुन्हा पाहिलं, आणि ज्याला मागचे लोक कचरा म्हणाले होते त्यात मध्ययुगीन भूमध्य समुद्राचं रोजचं जगणं होतं. १९७४मध्ये स्टेफन राइफ यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संशोधन विभाग सुरू झाला, तेव्हा कुठं उरलेल्या पेट्या नेटानं उपसल्या गेल्या. निम्म्याहून अधिक तुकडे तेव्हाच पहिल्यांदा क्रमांकाला लागले. प्रत्येक चिटोरा साफ करून, सपाट करून, पारदर्शक आवरणात ठेवला गेला. एका पानाचा अर्धा तुकडा केंब्रिजला आणि उरलेला ऑक्सफर्डला किंवा न्यूयॉर्कला, अशा जोड्या आता छायाचित्रांवरून जुळवल्या जातात.

या सगळ्यात मला थक्क करतो तो निर्णय न घेण्याचा निर्णय. कुचकामी ठरवलेल्या पेट्या कुणीतरी फेकून दिल्या नाहीत. १९३४ साली ग्रंथालय नव्या इमारतीत आलं, जागा बदलल्या, ग्रंथपाल बदलले, तरी त्या राहिल्या. विभागप्रमुखाच्या हातात असलेली सगळ्यात मोठी शक्ती नको म्हणण्याची असते, आणि ती किती जपून वापरावी लागते, याचं उलटं उदाहरणही याच घरात आहे.

१८७२मध्ये अर्ल ऑफ पोर्ट्समथच्या घराण्यानं आपल्याकडे आलेले न्यूटनचे कागद विद्यापीठापुढं ठेवले. विद्यापीठाच्या समितीनं १६ वर्षं ते चाळले, १८८८मध्ये सूची छापली. गणित आणि विज्ञान ठेवून घेतलं. किमया आणि धर्मशास्त्र यांवरचे बहुतेक कागद, ज्यांत न्यूटननं आयुष्याची कित्येक वर्षं घातली होती, ते वैज्ञानिकदृष्ट्या बिनकामाचे म्हणून घराण्याला परत केले. समितीतली माणसं विद्वान होती. त्यांच्या काळाला दिसला तेवढाच न्यूटन त्यांनी ठेवला. १९३६मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये हे कागद लिलावात निघाले आणि विखुरले. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी किमयेचे बरेच कागद मिळेल तिथून गोळा केले. ते आज केंब्रिजच्याच किंग्ज कॉलेजात आहेत. धर्मशास्त्राचा मोठा भाग अब्राहम यहुदा या अभ्यासकानं घेतला, तो जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. न्यूटनच्या डोक्यात गुरुत्वाकर्षण, पारा आणि बायबलमधली भाकितं एकाच वेळी कशी नांदत होती, हे ज्याला बघायचंय, त्याला आज तीन संग्रहांचे उंबरठे झिजवावे लागतात.

मग काय सगळंच ठेवायचं? तेही शक्य नाही. फळ्या भरत जातात, माणसं मोजकी असतात, आणि सूची न झालेली पेटी म्हणजे पुन्हा एक गनिझा. प्रमुखाला रोज या दोन टोकांमध्ये उभं राहावं लागतं.

न्यूटन ज्या लुकेशियन अध्यासनावर होता, त्यावर तीन शतकांनंतर बसलेल्या स्टीफन हॉकिंग यांचे कागद २०२१मध्ये याच ग्रंथालयाकडे आले, सुमारे १०,००० पानं. या वेळी विज्ञान एका बाजूला आणि बाकीचं घरी, अशी विभागणी झाली नाही. कृष्णविवरांवरचे मसुदे आहेत, लहानपणीची पत्रं आहेत आणि ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतल्या त्यांच्या भूमिकेची संहितासुद्धा आहे. तिलाही क्रमांक आहे, पेटी आहे आणि फळीवर ठरलेली जागा आहे.