गुलाबाचं नवं वाण: परागापासून नोंदीपर्यंत

गुलाबाची फांदी लावली किंवा डोळा भरला, की मूळ झाडच पुन्हा मिळतं. नवं वाण हवं असेल तर बीच धरावं लागतं, कारण गुलाबाच्या एकाच फळातल्या दोन बियांतूनही सारखी झाडं येत नाहीत. हे काम घरच्या बागेत, पाचसहा कुंड्यांवरही करता येतं. लागतो तो चिमटा, छोटी कात्री, चिठ्ठ्या, एक वही आणि चारपाच वर्षांचा धीर. परागीकरण पंधरा मिनिटांत शिकता येतं. बहुतेक हौशी मंडळी अडतात ती त्यानंतर, नको ती रोपं काढताना आणि उरलेल्याचं वर्णन लिहिताना. म्हणून त्या भागावर जरा जास्त थांबू.

सुरुवात आई-बाप निवडण्यापासून. ज्या झाडावर फळ धरायचं ती आई, ज्याचे पराग घ्यायचे तो बाप. आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळ गुलाब थंड हवेच्या देशांत तयार झालेले आहेत. आपल्या उन्हाळ्यात ते मान टाकतात आणि हवा बदलली की भुरीने पांढरे होतात. त्यामुळे फोटोत देखणी दिसणारी आई घेऊ नये. आपल्याच अंगणात तीनचार वर्षं औषधाच्या फवाऱ्याशिवाय बरी राहिलेली आई घ्यावी. रंग आणि सुवास बापाकडून आणता येतो, पण अंगात ताकद नसलेलं झाड पुढे कुणी लावत नाही.

आईला फळ धरतं का, हेही आधी पाहून घ्यावं. एका हंगामात काही फुलं न खुडता झाडावरच राहू द्या. पाकळ्या गळाल्यावर देठाची गाठ हिरवी राहून फुगली, तर झाड कामाचं. पुष्कळ वाणांना फळ धरतच नाही. त्यामागे गुणसूत्रांचा, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांचा, हिशेब असतो. बागेतल्या बहुतेक गुलाबांत ती 28 असतात, कित्येक रानगुलाबांत 14. या दोघांच्या संकरातून 21 गुणसूत्रांचं झाड येतं आणि ते बहुधा वांझ निघतं. पहिल्या वर्षी म्हणूनच बागेतल्या दोन गुलाबांचाच संकर करावा.

आता वेळ. ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी केली, की नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर फुलं येतात. संकर याच बहरात करावा, कारण फळ पिकायला साडेतीन-चार महिने लागतात आणि ते कडक उन्हाच्या आत हाती यायला हवं. फेब्रुवारीत केलेल्या संकराची फळं मे महिन्यात झाडावरच सुकण्याची भीती असते.

कळी निवडताना बाहेरच्या पाकळ्या जेमतेम सैल झालेली, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी घ्यावी. पूर्ण उमललेल्या फुलावर त्याचेच किंवा मधमाशीने आणलेले पराग आधीच पडलेले असतात आणि आपला संकर खोटा ठरतो. सकाळी लवकर सगळ्या पाकळ्या हळूच ओढून काढा. तळाशी पाकळीचा तुकडा राहिला तर तो कुजतो आणि बुरशी थेट फळात उतरते. अगदी सामान्य चूक आहे ही.

मग कडेचे सगळे पुंकेसर कापून घ्या. पुंकेसर म्हणजे टोकाला पिवळी पुडी असलेले बारीक तंतू. त्या पुडीत पराग असतात. मधोमध जो तंतूंचा झुबका उरतो त्याची टोकं म्हणजे कुक्षी, पराग स्वीकारणारा स्त्रीभाग. तिला धक्का लावू नका. वर कागदाची टोपी घाला. प्लास्टिकची पिशवी बांधू नये, आपल्या उन्हात ती आतून घामेजते आणि कळी सडते.

बाप-झाडाच्याही अशाच अर्ध्या उमललेल्या फुलातले परागकोश कोऱ्या कागदावर पसरून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी ते फुटतात आणि कागदावर पिवळी पूड दिसते. पंख्याखाली ठेवू नका, पूड उडून जाते.

त्या सकाळी आईच्या कुक्षीवर बोट ठेवलं तर ती किंचित चिकट लागते. ती पूड ब्रशने किंवा बोटाने लावा, पुढच्या दिवशी पुन्हा एकदा लावा आणि टोपी आठवडाभर राहू द्या. बाप बदलताना हात आणि ब्रश स्पिरिटने पुसायला विसरू नका.

लगेच चिठ्ठी बांधा. आधी आईचं नाव, मग गुणाकाराची खूण, मग बापाचं नाव, आणि तारीख. जगभर याच क्रमाने लिहितात. 1954 साली बाजारात आलेल्या 'क्वीन एलिझाबेथ'चं कूळ 'शार्लट आर्मस्ट्राँग' × 'फ्लोराडोरा' असं लिहिलेलं आहे, त्यावरून फळ कुणावर धरलं हे कुणालाही कळतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई दवाने फिकी होते. हाच मजकूर वहीतही हवा. चिठ्ठी हरवलेल्या फळाचं बी पेरता येतं, पण त्याचं कूळ पुढे कधीही सांगता येत नाही.

दोनतीन आठवड्यांत गाठ फुगली तर संकर लागला, पिवळी पडून गळली तर नाही लागला. दहांतली निम्मी गळाली तरी खट्टू होऊ नका. टिकलेली फळं नारिंगी होऊ लागली, की काढा. पूर्ण सुकेपर्यंत वाट पाहिली, तर उन्हात आतलं बी कोरडं पडतं.

फळात बियांभोवती खाज आणणारी लव असते, हातमोजे घालूनच ते चिरा. बी धुऊन, वर-वर सुकवून, चिठ्ठीसकट कागदाच्या पुडीत फ्रिजमध्ये ठेवा. भर उन्हाळ्यात पेरण्याची घाई करू नये. ऑगस्टमध्ये हेच बी ओलसर टिश्यू कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, फ्रिजमध्येच साधारण 4 अंश सेल्सिअसला सहा ते आठ आठवडे ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. गुलाबाचं बी झोपलेलं असतं. ओल आणि गारवा मिळून त्याची झोप मोडते. घरी संकर करणाऱ्यांची हीच पायरी सर्वांत जास्त सुटते, आणि मग 'बी पोचट निघालं' असा गैरसमज होतो.

ऑक्टोबरात कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात, साधारण एक सेंटिमीटर खोल पेरा. उगवण एकदम होत नाही. काही बी तीन आठवड्यांनी, काही तीन महिन्यांनी फुटतं, काही पुढच्या हिवाळ्यात. ट्रे इतक्यात रिकामा करू नका. पाणी वरून ओतलं तर कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. ट्रे खालून भिजवा आणि वारा खेळता ठेवा.

वारंवार फुलणाऱ्या आई-बापांची रोपं उगवल्यावर दोनेक महिन्यांतच, बोटभर उंचीची असताना, पहिलं फूल देतात. ते पाहून हरखायला होतं, पण त्यावरून निकाल देऊ नका. पहिल्या फुलात पाकळ्या कमी असतात, आकारही लहान असतो. रंगाचा अंदाज तेवढा येतो. भुरी धरणारं रोप मात्र त्याच वेळी उपटा. मन घट्ट करायची जागा हीच. मोठे संकरक दरवर्षी हजारो रोपं वाढवतात आणि त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठेवतात. आपल्याकडे पन्नास उगवली तर दोन ठेवा. पन्नासही जपायला गेलात तर एकाकडेही नीट लक्ष देता येणार नाही.

त्या दोघांचे डोळे रानगुलाबाच्या खुंटावर भरा आणि प्रत्येकी निदान पाचसहा झाडं करा. ती शेजारी लावा, मधे एखादं ओळखीचं जुनं वाण लावा आणि तीन हंगाम बघा. सगळी झाडं सारखीच फुलतात का? एखादीवर वेगळ्या रंगाची फांदी निघते का? पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात का? मे महिन्यात फूल किती वेळ टिकतं?

हे सगळं लिहून ठेवायचं असतं, आणि वर्णनाची खरी कसोटी इथेच लागते. 'मोठं, सुंदर, गुलाबी फूल' या वर्णनात शेकडो वाणं बसतील. झाडापासून सुरुवात करा: उंची किती, वाढ सरळ की पसरट, कोवळ्या फुटीचा रंग हिरवा की तांबूस, काटे दाट की विरळ, सरळ की खाली वाकलेले. मग पान: पर्णिका किती, चकाकी आहे का, कडा किती दातेरी. मग फूल: पूर्ण उमलल्यावर व्यास किती, एका देठावर एक फूल की झुबका, सुवास मंद की तीव्र. पाकळ्या एका फुलाच्या मोजून भागत नाही, दहा फुलांच्या मोजून किती ते किती असं लिहावं.

रंग सर्वांत अवघड. पाकळीची आतली बाजू, बाहेरची बाजू, कड आणि देठाजवळचा ठिपका हे चारही वेगवेगळे पाहायचे असतात. उन्हात रंग फिका दिसतो आणि दिव्याखाली बदलतो, म्हणून सकाळी सावलीतल्या उजेडात, नुकत्याच उमललेल्या फुलावर पाहावं. अधिकृत वर्णनासाठी इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची रंगपट्टी वापरतात. तिच्यात प्रत्येक छटेला क्रमांक असतो. शेवटी, आपल्या गुलाबाशी सर्वांत जवळचं जुनं वाण कोणतं आणि त्याच्यापासून आपलं कशात वेगळं, हे दोन ओळींत लिहा. या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर नवं वाण झालेलं नाही.

नावाआधी क्रमांक द्यावा. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ यांच्या एका रोपाचा क्रमांक 3-35-40 होता: 1935 सालचा तिसरा संकर, त्यातलं चाळिसावं रोप. पुढे त्याला फ्रान्समध्ये 'मादाम ए. मेयाँ', इटलीत 'जोइया', जर्मनीत 'ग्लोरिया देइ' आणि 29 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेत 'पीस' अशी नावं मिळाली. चार नावांचं झाड एकच आहे हे नोंदीमुळेच सांगता येतं. आपल्याकडे गव्हाचे नामवंत शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी दिल्लीत गुलाबाची वाणं काढली. त्यांच्या एका गुलाबाला डॉ. होमी भाभा यांचं नाव आहे.

गुलाबाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद अमेरिकन रोझ सोसायटी ठेवते. भारतात हक्काचं संरक्षण हवं असेल, तर 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली अर्ज करावा लागतो. तिथे तीन गोष्टी तपासतात: वाण इतरांहून वेगळं आहे का, सगळी झाडं एकसारखी आहेत का, आणि पिढ्यान्‌पिढ्या गुण टिकतात का. नुसत्या आकड्यांचं नाव या कायद्यात चालत नाही आणि नावात गावाचं नाव असेल तर अडचण येऊ शकते. आणखी एक अट पुष्कळांना उशिरा कळते: नवं वाण म्हणून अर्ज करायचा, तर भारतात त्याची पहिली विक्री होऊन एक वर्षापेक्षा जास्त काळ लोटलेला नसावा. तेव्हा रोपवाटिकेला पहिलं कलम विकण्याआधी अर्जाचं ठरवा आणि विक्रीची तारीखही वहीत लिहा.