गर्भारपणाच्या आधीचे तीन महिने

गर्भवती मातेच्या आहाराची काळजी केव्हापासून घ्यावी? दिवस राहिल्याचे समजल्यावर, असे उत्तर आपण सहज देतो. मुंबईतील झोपडवस्त्यांत झालेल्या एका संशोधनाने या उत्तराचा फेरविचार करावयास लावले आहे.

वांद्रे येथील सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज ही संस्था आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे संशोधक यांच्या सहकार्याने २००६ साली 'सरस' प्रकल्प सुरू झाला. अपत्याची इच्छा असलेल्या ६,५१३ विवाहित स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीच्या जेवणाशिवाय रोज पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ मिळे. दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा अशा कमी पोषक भाज्यांचा. गर्भधारणेपूर्वी सुरू झालेला हा क्रम प्रसूतीपर्यंत चालत असे.

२०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व बाळांचा एकत्रित विचार करता जन्मवजनात ठळक फरक आढळला नाही. मात्र ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. अतिशय कृश मातांना हा लाभ दिसला नाही.

२०१६ साली आणखी महत्त्वाची बाब पुढे आली. गर्भारपणात वारेतील संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. शरीर ती उणीव भरून काढू शकले नाही, तर रक्तातील साखर वाढते. त्यातून बाळ प्रमाणाबाहेर मोठे होणे, प्रसूती अवघड होणे, रक्तदाब वाढणे असे धोके संभवतात. तपासणी झालेल्या १,००८ मातांपैकी दुसऱ्या गटातील १२.४ टक्के मातांना हा मधुमेह होता. पौष्टिक खाऊ घेणाऱ्यांत केवळ ७.३ टक्के. सुमारे निम्म्याच माता तपासणीस आल्या होत्या, म्हणून हा शेवटचा शब्द मानता येणार नाही. पण दिशा आशादायक आहे.

मानवी प्रतिष्ठेला धक्का न लावता जीवनाची सेवा करणाऱ्या संशोधनाचे ख्रिस्तसभा स्वागतच करते. येथे तर औषध नव्हे, भाजी आणि फळे होती.

ठाण्याच्या मानपाड्यात काय किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर काय, नोकरीच्या धावपळीत अनेक तरुण दांपत्यांचे जेवण वडापाववर निभावते. आपल्या विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत आहाराचा हा विषय अवश्य यावा, आणि तो वधूइतकाच वरालाही सांगितला जावा. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते.

पवित्र मरिया गर्भवती अलीशिबेच्या घरी सुमारे तीन महिने राहिली. शेजारची सून, घरातील लेक यांच्यासाठी आपणही तशीच वेळेवर धाव घेऊ या.