मानेतील इंजेक्शनआधी औषधांची पिशवी उघडा

काही महिन्यांपूर्वी ७२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सुनेसह माझ्या दवाखान्यात आले. मानेतून डाव्या हातात उतरणाऱ्या कळांनी त्यांची झोप उडाली होती. तज्ज्ञांनी मानेच्या मणक्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले होते. ‘‘घ्यावे का?’’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी त्यांची औषधांची पिशवी मागितली. तीत क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या निघाल्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. तज्ज्ञांना हे सांगितले का, असे विचारताच ते म्हणाले, ‘‘ती हृदयाची गोळी. मानेशी तिचा काय संबंध?’’

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

वयोमानानुसार मणक्यांमधील चकत्या झिजतात, हाडांना कंगोरे येतात आणि तेथून निघणारी नस दाबली जाऊन सुजते. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील अरुंद जागेत, म्हणजे एपिड्युरल पोकळीत, स्टेरॉइड सोडल्यास ही सूज उतरून कळा काही काळ कमी होऊ शकतात. झीज मात्र भरून येत नाही. बहुतेक रुग्णांना या इंजेक्शनने किरकोळ त्रासापलीकडे काही होत नाही. मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, एवढेच.

क्वचित, पण गंभीर

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये इशारा दिला, की एपिड्युरल स्टेरॉइडनंतर क्वचित दृष्टी जाणे, पक्षाघात, हातपाय लुळे पडणे आणि मृत्यूही संभवतो. त्याची कारणे समजून घेणे उपयुक्त आहे. मानेतील नसांच्या वाटेलगत मेंदूला व मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या असतात. काही स्टेरॉइडांत सूक्ष्म कण असतात. ते चुकून धमनीत शिरले तर पुढचा रक्तपुरवठा खंडित होतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आत रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. तिसरे कारण जंतुसंसर्ग. २०१२ मध्ये अमेरिकेत बुरशीने दूषित झालेल्या स्टेरॉइडमुळे ७०० हून अधिक जण आजारी पडले व ६० हून अधिक दगावले.

आधी काय सांगावे, काय विचारावे?

सर्व औषधांची यादी, मधुमेह, ॲलर्जी आणि नुकताच येऊन गेलेला ताप यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये; स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावा. एमआरआय पाहिला आहे का, सुई क्ष-किरणांच्या साहाय्याने घालणार का, कोणते स्टेरॉइड वापरणार, हे निःसंकोच विचारावे. आपल्या प्रश्नांनी चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

घरी आल्यावर

भुलीच्या औषधाने हात थोडा वेळ जड वाटू शकतो. तो जडपणा काही तासांत उतरतो. परंतु हातापायांतील अशक्तपणा वाढत जाणे, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, दृष्टी अंधुक होणे, लघवी अडणे किंवा मान-पाठीत असह्य वेदना होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. रात्री असो वा सुटीचा दिवस, थेट मोठे रुग्णालय गाठावे. दाबलेल्या मज्जारज्जूसाठी प्रत्येक तास मोलाचा असतो. पुढील काही दिवसांत, वा काही आठवड्यांनीही, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा मान ताठरणे उद्भवल्यास इंजेक्शन घेतल्याचे आवर्जून सांगावे.

शिक्षकांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी गोळी इतक्यात थांबवण्यास नकार दिला. इंजेक्शन पुढे ढकलले गेले. नसेच्या वेदनेवरील औषधे आणि फिजिओथेरपी यांवर दोन महिन्यांत कळा बऱ्याच ओसरल्या. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत असे घडते. पुढे इंजेक्शनची गरज भासलीच, तर ते पूर्ण माहितीनिशी घेतील. सूनबाईंनी आता सगळ्या औषधांची यादी लिहून त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवली आहे.