रेड हॅटची दहावी आवृत्ती आणि जुने प्रोसेसर

मे २०२५ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची १० वी आवृत्ती आली. आपल्यापैकी फार थोड्यांच्या लॅपटॉपवर ती बसेल, कारण ती मुख्यतः बँका, दूरसंचार कंपन्या, संशोधन संस्था यांच्या सर्व्हरसाठी असते. तरी मंडळाच्या अंकात तिच्यावर लिहितेय, कारण तिच्यातली एक अट कॉलेजांच्या लॅबपर्यंत येऊन पोचते.

आधी एक प्रश्न निकालात काढू. लिनक्स तर फुकट मिळतं, मग रेड हॅट विकते काय? माझ्या मते, ती वेळ विकते. हौशी मंडळी वापरतात त्या फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर ६ महिन्यांनी निघते. एंटरप्राइझची ८ वी २०१९ मध्ये, ९ वी २०२२ मध्ये आणि आता ही १० वी. म्हणजे ३ वर्षांनी एक, आणि प्रत्येकीला १० वर्षांची हमी. त्या काळात सुरक्षेची भोकं बुजवायची, पण वर चाललेल्या सॉफ्टवेअरला धक्का लावायचा नाही. नव्या कर्नलमधली दुरुस्ती उचलून जुन्या कर्नलला ठिगळासारखी जोडतात, कर्नल मात्र बदलत नाहीत. बँकेला नवलाई नकोच असते. काल चाललं ते आज चाललं की झालं.

या वेळी कर्नल ६.१२ आहे. १९८४ पासून चालत आलेल्या एक्स विंडोचा सर्व्हर काढून त्याची जागा वेलँडला दिली आहे. पुढेमागे क्वांटम संगणक आले तरी फुटू नये अशा कूटलेखनाचीही तयारी आहे. या गोष्टी ठीकच. खरी मेख प्रोसेसरच्या अटीत आहे.

प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचे टप्पे ठरवलेले आहेत. ९ व्या आवृत्तीला दुसरा टप्पा पुरत होता. १० व्या आवृत्तीला तिसरा लागतो. तिसऱ्या टप्प्यात एव्हीएक्स२ नावाचा सूचनासंच येतो. त्यामुळे ३२ बिटांच्या ८ पूर्णांकांची बेरीज एकाच सूचनेत होते. इंटेलने तो २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून दिला, पण स्वस्तातल्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये नंतरही कित्येक वर्षं दिला नाही. आणि शाळा-कॉलेजांच्या खरेदीत कोणते प्रोसेसर येतात ते आपल्याला ठाऊक आहेच! अशा यंत्रावर नवी आवृत्ती हळू चालेल असं नाही, ती चालणारच नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. रेड हॅटचाच सोर्स घेऊन बनवलेलं सेंटओएस २००४ पासून फुकट मिळायचं, आणि पैसे नसलेल्या संस्थांचा सगळा भार त्याच्यावर होता. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ पुढच्या वर्षअखेरीस बंद. लोक खवळले. त्यातून रॉकी आणि अल्मा ही दोन लिनक्स उभी राहिली. मग जून २०२३ मध्ये रेड हॅटने एंटरप्राइझचा नेमका सोर्स ग्राहकांपुरता ठेवला. तेव्हा अल्माने हुबेहूब नक्कल करण्याचा नाद सोडला आणि ठरवलं, की रेड हॅटवर चालणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे चाललं म्हणजे पुरे.

मला गंमत वाटते ती इथे. नक्कल सोडल्यामुळे अल्माला वेगळं वागायची मोकळीक मिळाली. आठवडाभरात अल्मा १० आली, आणि तिसऱ्या टप्प्याबरोबरच दुसऱ्या टप्प्याच्या प्रोसेसरांसाठीही वेगळी आवृत्ती तिने दिली. दार लावलं एकाने, खिडकी उघडली दुसऱ्याने.

तुमच्या कॉलेजात जुनी यंत्रं भंगारात काढायची चर्चा चालू असेल, तर आधी एवढं करा: पेनड्राइव्हवरून कुठलंही लिनक्स चालू करून टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा द्या आणि येणाऱ्या यादीत एव्हीएक्स२ शोधा. दिसलं, तर रॉकी किंवा अल्माची नेहमीची १० वी आवृत्ती टाकून पाहायला हरकत नाही. नाही दिसलं, तर एसएसई ४.२ आहे का बघा. असेल तर अल्माची दुसऱ्या टप्प्याची आवृत्ती उतरवून घ्या. मात्र बाहेरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर तिसऱ्या टप्प्यासाठीच बांधलेलं असू शकतं, ते आधी एका यंत्रावर चालवून बघा आणि मगच बाकीच्यांना हात लावा.