स्पिनला वळण लावणारा प्रकाश

मारतहळ्ळीत राहणाऱ्या निवृत्त भौतिकीवाल्याला हल्ली एकच प्रश्न विचारतात : ‘काका, क्वांटम कुठवर आलं?’ आउटर रिंग रोडवर नोकरीला जाणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या लेखी क्वांटम म्हणजे अतिवाहक सर्किट, मिलिकेल्विनची थंडी आणि तारांचं जंजाळ. त्या यंत्राशी माझं भांडण नाही. पण अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन नुसत्या प्रकाशाने उभा करता येतो, वळवता येतो आणि वाचताही येतो, हे त्यांच्या कानावरच आलेलं नसतं.

खरं तर ही विद्या आपल्याला परकी नाही. फोटॉनलाही स्पिन असतो, याचा प्रायोगिक पुरावा रामन आणि भगवंतम यांनी 1931 मध्येच मांडला. प्रकाशाच्या ध्रुवणाचा हॅन्लेचा पाऱ्याच्या वाफेवरचा प्रयोग तर त्याहूनही आधीचा, 1924 चा. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने सिलिकॉनमधले स्पिन एका दिशेला लावून दाखवले ते लॅम्पेलने, 1968 मध्ये. त्यापुढच्या काळात मी शिरत नाही. मायर आणि झाखारचेन्या यांच्या 1984 च्या ग्रंथात ते सगळं आहे, आणि तो ग्रंथ न चाळता स्पिनवर व्याख्यानं देणाऱ्यांची संख्याही बरीच आहे.

माझ्या पिढीची झोप उडवली ती 1998 ने. किकावा आणि ऑशलोम यांनी एन-टाइप गॅलियम आर्सेनाइडमध्ये, अर्थात थंड नमुन्यात, शंभर नॅनोसेकंदांहून जास्त टिकणारा स्पिन दाखवला. एका लेसर स्पंदाने स्पिन उभे करायचे, चुंबकीय क्षेत्रात फिरू द्यायचे आणि मागून आलेल्या दुसऱ्या स्पंदाचं ध्रुवण किती वळलं ते मोजायचं : हीच पंप-प्रोब पद्धत.

तरी माझा जीव अडकला तो डॉर्टमुंडच्या कामात. ग्राइलिश, याकोव्हलेव्ह, बायर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये इंडियम-गॅलियम आर्सेनाइडचे लक्षावधी क्वांटम डॉट (इलेक्ट्रॉनला कोंडून ठेवणारे सूक्ष्म ठिपके) घेतले, प्रत्येकात सरासरी एक इलेक्ट्रॉन. कुठलेही दोन डॉट सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक स्पिन आपल्या वेगाने फिरतो आणि काही नॅनोसेकंदांत सगळा मेळ विस्कटतो. यांनी काय केलं, तर सुमारे तेरा नॅनोसेकंदांच्या अंतराने लेसरचे स्पंद येत राहू दिले. लेझीम पथकात प्रत्येकाची चाल वेगळी असली तरी दोन शिट्ट्यांच्या मध्ये ज्याचे फेरे पूर्ण होतात तो शिट्टीला ठेक्यावर सापडतो, तसे ज्यांचे फेरे पूर्णांकात बसतात ते स्पिन प्रत्येक स्पंदाला एका रांगेत येतात. विझलेला सिग्नल पुढच्या स्पंदाच्या ऐन आधी पुन्हा उभा राहतो! त्यातून एकेका स्पिनचा खरा कोहेरन्स, म्हणजे त्याची स्मृती किती काळ टिकते ते, मोजला गेला : तीन मायक्रोसेकंद.

पुढच्या वर्षीचा निष्कर्ष त्याहून नवलाचा. ज्या अणुकेंद्रांच्या गडबडीमुळे स्पिन बिघडतो असं आपण शिकवत आलो, तीच अणुकेंद्रं स्पंदांच्या तालाला अशी जुळवून घेतात की ठेक्याबाहेरचे इलेक्ट्रॉनही ठेक्यात येतात. दिवे मालवल्यावर अंधारातही ही आठवण दहा-दहा मिनिटं टिकते.

हे सगळं छापून आल्यावरही ‘गॅलियम आर्सेनाइड संपलं, अणुकेंद्रांनी त्याला खाल्लं’ असं परिसंवादांतून ठणकावणारे विद्वान मी पाहिले आहेत. समूहाचा मेळ विस्कटणं आणि एकट्या स्पिनने स्मृती गमावणं, या दोन गोष्टी ते एकाच टोपलीत टाकतात. 2023 मध्ये केंब्रिजच्या गटाने ताण नसलेल्या गॅलियम आर्सेनाइड डॉटमध्ये, प्रकाशानेच स्पिन पुन:पुन्हा उलटवत, 0.113 मिलिसेकंदाचा कोहेरन्स मिळवला. त्या विद्वानांचं त्यावर म्हणणं अजून ऐकायला मिळालेलं नाही.

आता आपल्याकडचं. द्विमितीय पदार्थांत वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश ‘व्हॅली’ (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतली दरी) निवडतो हे 2012 पासून ठाऊक आहे, आणि पुण्याच्या आयसरमध्ये आशिष अरोरा चुंबकीय क्षेत्रात अशा पदार्थांचं प्रकाशीय मोजमाप करतात. काम चोख. फक्त नुसत्या ध्रुवणालाच कोहेरन्स म्हणण्याची जी फॅशन जगभर आली आहे, तिच्यापासून तरुणांनी दूर राहावं. इथे सदाशिवनगरात रामन संशोधन संस्थेत सप्तर्षी चौधुरी आणि सहकारी रुबिडियमच्या अणूंना न छेडता त्यांच्या स्पिनचा गोंगाट प्रकाशाने ऐकतात. हीच युक्ती 2005 मध्ये गॅलियम आर्सेनाइडवर चालली होती. आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या नायट्रोजन-रिक्त स्थानांचे स्पिन हिरव्या लेसरने तयार करतो आणि लाल प्रकाशाने वाचतो, तेही खोलीच्या तापमानाला. हिऱ्यांच्या प्रकाशाने झपाटलेले रामन हे पाहून खूश झाले असते.

खंत आहे ती वेगळीच. आमच्या वेळी नमुना कोणी वाढवला हे आधी विचारलं जाई. आता नमुना कुरियरने येतो, लेसर पेटीतून निघतो आणि विद्यार्थी आलेख सजवतो. राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपये मंजूर झाले आणि संवेदन व मापनशास्त्राचं केंद्र आयआयटी मुंबईकडे गेलं. त्याच आवारात, रेणूंच्या शलाकेने थर वाढवणाऱ्या एमबीई यंत्रावर इंडियम आर्सेनाइडचे क्वांटम डॉट वर्षानुवर्षे वाढवले गेले, मुख्यतः इन्फ्रारेड डिटेक्टरसाठी. डॉटच्या थराखाली सिलिकॉनची पातळ डोपिंग केली की प्रत्येक डॉटला सरासरी एक इलेक्ट्रॉन मिळतो. डॉर्टमुंडच्या नमुन्यातही हेच केलं होतं. पवईतल्या मंडळींनी एकदा तेवढं करावं आणि तो नमुना एखाद्या पंप-प्रोब टेबलावर ठेवावा, एवढीच विनंती.